यंत्रप्रियकराचं कॅबरे गाणं डिस्को का वाटतंय?
नागपूरच्या गॅदरिंगसाठी बसवलेलं तुमचं, यंत्र असलेल्या प्रियकराला आळवणारं कॅबरे (क्लबमधलं नाट्यमय गायन) गाणं डिस्को वाटतंय, कारण ड्रम चारही मात्रांवर धडधडतोय. तो काढाच. पियानोचा डावा हात पहिल्या मात्रेला खर्जात सा, तिसऱ्याला पंचम. उजवा दुसरी-चौथीला कॉर्ड (एकत्र दाबलेले स्वर). वेग मिनिटाला ११० मात्रांच्या आसपास. कडवं मात्र ठेक्याबाहेर, बोलल्यासारखं. धृपदात पियानो मेट्रोनोमला (ठेका मोजणाऱ्या यंत्राला) चिकटून, गायिका किंचित मागे: ती आळवते, यंत्र थांबत नाही, सगळी गंमत तिथे! आवाजाला रोबोटी इफेक्ट नको, शब्द मरतात. 'काऊन बोलत नाही बे?' (का बोलत नाहीस रे?) ही नागपुरी ओळ ठेवाच. शेवटी गाण्याची पट्टी काळी १ वरून पांढरी २ ला चढवताना हार्मोनियमचा स्केलचेंजर (पट्टी बदलायला सरकणारा कीबोर्ड) सरकवू नका, खंड पडतो, बोटांनीच वाजवा. कूलरची घरघर कंडेन्सर (जास्त संवेदनशील) माईक उचलतो, त्यापेक्षा डायनॅमिक (कमी संवेदनशील) माईक ओठांजवळ धरा.