इन नदीच्या काठाने लाँग वीकेंड: सासू-सासऱ्यांना घेऊन जमेल का?

प्रेषक: प्राची

नमस्कार मंडळी,

इथे जर्मनीत ३ ऑक्टोबरची सुट्टी यंदा शुक्रवारी आलीये आणि सोमवारची रजा मिळालीये, त्यामुळे चार दिवस गाडी काढून कुठेतरी जायचं ठरतंय. आम्ही दोघं, आठ वर्षांची लेक आणि पुण्याहून आलेले सासू-सासरे. आईंचे गुडघे दुखतात, त्यामुळे चढ-उतार फार नकोत. बाबांची एकच अट आहे, स्वित्झर्लंड बघायचं, मग कुठलंही चालेल. ज्याला विचारावं तो इंटरलाकन आणि टिटलिस म्हणतो, आणि तिथल्या हॉटेलचे भाव बघून नवरा गप्प बसलाय. म्युनिकहून झेपेल असं दुसरं काही आहे का? आई-बाबा शेंगेन व्हिजिटर व्हिसावर आहेत, ऑस्ट्रिया-इटली चालेल ना? शिवाय निघायच्या दिवशी एकादशी, आईंचा उपास.

प्राची


प्रेषक: नंदूकाका

प्राची,

इंटरलाकन डोक्यातून काढ, चार दिवसांतले दोन दिवस हायवेच बघाल. त्यापेक्षा एक नदी धर. इन. ती मालोयाच्या वर लुंघिन तळ्यातून निघते, एंगाडिनची अख्खी स्विस दरी पार करून मार्टिनाला स्वित्झर्लंड सोडते, मग लांडेक, इन्सब्रुक, कुफस्टाइन असं करत पासाउला डॅन्यूबला मिळते, सगळी मिळून ५१७ किलोमीटर. आपल्याला ती रोझेनहाइमजवळ भेटते, तिथून उलटं वर जायचं. कुफस्टाइन, इन्सब्रुक, लांडेक आणि तिथून एंगाडिनमधलं शुओल गाव, म्युनिकपासून तीनशेच्या आसपास किलोमीटर. मॅप तुला गार्मिशवरून फर्नपासचा घाट दाखवेल कारण ते जवळ आहे, पण लाँग वीकेंडला अर्धं म्युनिक तिथेच अडकलेलं असतं, त्या वाटेला जाऊ नकोस.

मुक्काम एकाच ठिकाणी, शुओलला. रोज बॅगा भरायच्या नाहीत, आईंना तेच बरं पडेल. गावात चौकाचौकात दगडी हौद आहेत, त्यातल्या काहींना दोन तोट्या असतात, एकीतून साधं पाणी आणि दुसरीतून झऱ्याचं मिनरल पाणी, फुकट. लोखंडाची चव लागते, जिभेला बारीक चुरचुरतं आणि तोटीखालचा दगड गंजासारखा तांबूस झालेला असतो. बाबांना पेला घेऊन पाठव, तासभर परत येणार नाहीत.

दुसऱ्या दिवशी ग्वार्दा. गाव दरीच्या वर १६५३ मीटरवर आहे, गाडी गावाबाहेर लावायची आणि हळूहळू फिरायचं, आत वाहनं जवळपास नाहीतच. घरांच्या भिंतींवर नक्षी आहे ती रंगवलेली नाही, वरचा पांढरा चुना ओला असताना खरवडून खालचा गडद थर उघडा करतात. दारं एवढी मोठी की पूर्वी गवताची गाडी सरळ घरात जायची. १९७५ साली गाव नीट जपल्याबद्दल याला वाकर पुरस्कार मिळालाय.

तिसरा दिवस माझा सगळ्यात आवडता. झेर्नेत्झला वळून ओफेनपास (२१४९ मीटर) चढायचा. रस्ता स्विस नॅशनल पार्कमधून जातो, ते पार्क १९१४ सालचं आहे, आल्प्समधलं सगळ्यात जुनं, आणि नियम कडक, पायवाट सोडायची नाही, फूल तोडायचं नाही. खिंडीवर लेकीला थांबवून सांग की अलीकडे पडलेला पाऊस इनमधून डॅन्यूबला आणि तिथून काळ्या समुद्राला जातो, आणि पलीकडे पडलेला रोम नावाच्या छोट्या नदीतून आदिजे नदीला मिळून व्हेरोनावरून एड्रियाटिकला. खाली मुस्टाइरला मठ आहे, युनेस्कोच्या यादीत १९८३ पासून, आत सुमारे बाराशे वर्षांपूर्वीची भित्तिचित्रं. नन्स अजून तिथे राहतात, तेव्हा जरा हळू बोला, हे बाबांनाही सांग.

गाव संपलं की इटली. ग्लुर्न्स हे तटबंदीचं चिमुकलं गाव, पूर्ण तट शाबूत, त्याच्या आसपास सफरचंदाच्या बागा, आणि त्या वेळी काढणी चालू असते. मग उत्तरेला रेशेन तलाव. पाण्यातून चर्चचा मनोरा वर आलाय तो फोटो सगळ्यांनी बघितलेला असतो, पण त्याखाली ग्राउन गाव होतं हे पुष्कळांना माहीत नसतं. १९५० साली धरण भरलं, त्याआधी १६३ घरं पाडली, ५२३ हेक्टर जमीन पाण्यात गेली, मनोरा चौदाव्या शतकातला म्हणून तेवढा ठेवला. आपल्याकडे उन्हाळ्यात उजनीत पळसदेवचं देऊळ वर येतं ना, तसंच हे. २०२१ साली कामासाठी तलाव उपसला तेव्हा घरांचे पाये दिसले होते. मी तिथे सेल्फी काढणाऱ्यांवर चिडतो, पण बायको म्हणते तुझं वय झालं.

तिथून ऑस्ट्रियातलं नाउडर्स, मग मार्टिना, की परत शुओल. एका दिवसात तीन देश आणि संध्याकाळी त्याच पलंगावर.

व्हिसाचं म्हणशील तर शेंगेनवर चारही देश चालतात, फक्त ओरिजिनल पासपोर्ट सगळ्यांचे जवळ ठेवा आणि तुमची रेसिडेन्स कार्डंही. परतताना सीमेवर कीफर्सफेल्डनला जर्मन पोलीस गाड्या बघतात, तिथे वेळ जातो.

नंदूकाका


प्रेषक: सागर

काका प्लॅन भारी, पण ओफेनपासपर्यंत जाऊन स्टेल्वियोचा घाट सोडायचा?? २७५७ मीटर, प्राडच्या बाजूने ४८ हेअरपिन, ग्लुर्न्सपासून प्राड अगदी शेजारी. वर्षातून काहीच महिने उघडा असतो, ऑक्टोबरच्या सुरुवातीला चान्स आहे.


प्रेषक: मृणाल

सागर, ४८ वळणं, आठ वर्षांचं पोर आणि मागच्या सीटवर गुडघेदुखी. तू बाइकवर जा, फोटो टाक, आम्ही लाइक करू.

प्राची, कामाच्या गोष्टी. स्विस विन्येट (मोटरवेच्या टोलचा स्टिकर) घेऊ नका, ४० फ्रँक वाचतात, या अख्ख्या रूटवर तिथला मोटरवे येतच नाही. ऑस्ट्रियाचं मात्र लागतं, कुफस्टाइन-सुडच्या पुढे. दहा दिवसांचं डिजिटल घ्या, जाता-येता दोन्ही होतं. पिवळं जॅकेट आणि फर्स्ट एड बॉक्स गाडीत हवाच. खिंडीत तेव्हा बर्फ पडू शकतो, तुमचे विंटर टायर अजून तळघरात असतील तर आताच अपॉइंटमेंट घ्या. घाटात पिवळ्या पोस्टबसचा तीन सुरांचा हॉर्न ऐकू आला की वळणाच्या अलीकडेच थांबायचं, ड्रायव्हर खूण करेल ते ऐकायचं.

शुओलला गेल्यावर फोनचं रोमिंग बघा, स्वित्झर्लंड ईयूच्या रोमिंगमध्ये नाही, आणि काही प्लॅनमध्ये तिथला डेटा धरलेला नसतो. बाबा पुण्याला व्हिडिओ कॉल लावतील आणि बिल तुम्ही भराल.

खाण्याचं म्हणजे किचनवालं अपार्टमेंटच घ्या. ३ तारखेला तिथे सुट्टी नाही, दुकानं चालू असतात, पण रविवारी बहुतेक सगळं बंद, म्हणून शनिवारीच दूध-ब्रेड भरून ठेवा. साबुदाणा आणि दाण्याचं कूट घरून न्या, पहिल्या संध्याकाळी आईंची खिचडी होईल. स्विस कस्टमला मांस आणि लोणी माणशी एकेक किलोपर्यंत चालतं, तेव्हा तुपाच्या डब्याची काळजी नको.


प्रेषक: नंदूकाका

मृणालशी सहमत, सागरने बाइक काढावी. कोणीतरी जवळचं साम्नाउन गाव सुचवेलच, ड्यूटी-फ्री आहे म्हणून. पेट्रोल स्वस्त आहे हे खरं, पण अरुंद रस्त्याने आत जायचं आणि परफ्यूमची दुकानं बघून परत यायचं, त्यापेक्षा ग्वार्दात अर्धा दिवस जास्त घालवा.


प्रेषक: प्राची

सगळ्यांना थँक्स! शुओलला अपार्टमेंट मिळालं, तळमजल्यावर, आईंची मुख्य चिंता मिटली. बाबांना प्लॅन वाचून दाखवला तर म्हणाले धरणाखाली गेलेलं गाव आधी बघू, बर्फ नंतर. त्यामुळे ओफेनपासचा दिवस शनिवारी घेतोय आणि ग्वार्दा रविवारी, दुकानं बंद असली तरी गाव कुठे बंद असतं. सोमवारी दुपारच्या आत निघायचंय कारण त्या रात्री मंडळाची कोजागिरी, आणि दूध आटवायचं मोठं पातेलं आमच्याकडे आहे. रूफबॉक्स कोणाचा मोकळा आहे का?


प्रेषक: सागर

माझा आहे, गुरुवारी सोनं द्यायला येईन तेव्हा बसवून देतो. आणि पातेलं निघायच्या आधी कोणाकडे तरी देऊन जा ना, कीफर्सफेल्डनला लाइन लागली तर आम्ही कोजागिरीला काय कढईत दूध आटवायचं?