मरळीच्या अंगावर लाल जखम, तेवढा भाग काढून तळली तर चालेल का?

सोलापुरी_७३: काल मेहुणे उजनीवरनं मरळ घेऊन आले, पावणेदोन किलोची. घरी बघतो तर शेपटीकडं रुपयाएवढी लालभडक जखम, खवले गेलेले, आतलं मांस उघडं. आई म्हणते तेवढं काप, बाकीचं तळ. साफ करताना बायकोचं बोट कापलंय. मासा फ्रीजमध्ये आहे. काय करू?

गळवाला: हळद-मीठ लावून कडक तळा की ओ. आम्ही लहानपणापासून खातोय.

भीमाकाठ: गळवाले, तळल्यावर जंतू मरतात हे कबूल. पण वहिनींनी मासा कापला तो कच्चाच की! बोट आधी कापलं, कढई नंतर तापली.

माझं आयुष्य जाळ्यावर गेलंय. पाऊस सरून थंडी लागली की असे चट्टे दिसतात, मरळीला जास्त, चिलापीला सहसा नाही. १९८८ मध्ये हा रोग आपल्या देशात ईशान्येकडं पहिल्यांदा दिसला. अफॅनोमायसिस नावाची बुरशीसारखी जात मासा आतून कुजवते. ती माणसाला लागत नाही, पण त्या उघड्या जखमेत दुसरे जिवाणू घर करतात, ते लागतात. म्हणून मी असा मासा खात नाही, विकतही नाही. पाण्यावर मरून तरंगणारा तर उचलतच नाही.

मासा खोल पुरा. मांजराला नको, कॅनॉलात तर मुळीच नको, रोगाची बीजं पाण्यातनं पोहत जातात. आमच्याकडं जिवंत मरळ विहिरीत सोडायची लोकांना भारी हौस, जखमेची सोडली की सगळी विहीर गेली. सुरी, पाट गरम पाणी-साबणानं घासून उन्हात ठेवा. फ्रीजचा तो कप्पाही पुसा.

सिस्टर_अक्कलकोट: ताईंचं बोट वाहत्या पाण्याखाली साबणानं धुवा, धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते बघा. सूज, ठणका, लाली वर चढायला लागली तर त्याच दिवशी दवाखाना, आणि मासा कापताना लागलंय हे आवर्जून सांगा. काही जंतू दोन-चार आठवड्यांनी गाठ काढतात, तेव्हा कुणाला मासा आठवत नाही. मधुमेह असेल तर थांबूच नका.

सोलापुरी_७३: बोट धुतलं, सूज नाही. मधुमेह आईला आहे, तिला मोरीकडं फिरकू दिलं नाही. मरळ लिंबाखाली पुरली, दोन हात खोल. मेहुण्यांना अजून सांगितलं नाही, ते रात्री जेवायला येणार आहेत.