रस्ता, शटल आणि बंद वार: संभाजीनगरचा पर्यटक रात्र का काढत नाही?

खोलीभाडं (धागाकर्ता)

पर्यटन राजधानी म्हणवणाऱ्या छत्रपती संभाजीनगरात पर्यटक येत नाहीत, हे खरं नाही. येतात आणि निघून जातात. लेण्यांचं तिकीट भारतीयाला 40 रुपये, परदेशी पाहुण्याला 600; तो पैसा पुरातत्त्व खात्याचा. शहराच्या पदरात पडतं ते खोलीभाडं, रात्रीचं जेवण, गाडी, गाईड, हिमरू-पैठणीची खरेदी. रात्र गेली की गाडीभाडं सोडून बाकी सगळं गेलं.

ही रात्र खराब रस्ता आणि निर्बंध मिळून खातात. हिशोब बघा. अजिंठा 100 किलोमीटर. रस्ता नीट असेल तर दोन तास. जळगाव रस्ता चौपदरीकरणासाठी उखडला तेव्हा त्याचे साडेतीन-चार झाले. सकाळी 7 ला निघालेली गाडी फर्दापूर टी-पॉइंटला अकराच्या सुमारास. खासगी गाडी तिथंच थांबते, पुढचे 4 किलोमीटर एसटीच्या शटलनं. रांग, तिकीट, पायऱ्या यात पाऊण तास. 1, 2, 16, 17, 19 आणि 26 एवढीच लेणी पाहायची म्हटलं तरी तीन तास हवेत, आणि 26 नंबर पार शेवटच्या टोकाला. शहरात परत यायला रात्रीचे आठ. मकबरा, पाणचक्की, गुलमंडी रद्द.

पुढच्या हंगामात सहलीचा एजंट शहाणा होतो. अजिंठा जळगावहून करतो: 60 किलोमीटर, आणि मुंबई–भुसावळ मेन लाइनचं स्टेशन. आपली एक रात्र कार्यक्रमातून कापली जाते, आणि रस्ता सुधारला म्हणून ती आपोआप परत येत नाही.

त्यात वारांचा घोळ. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी. सोमवार-मंगळवार मुक्काम असेल तर सोमवारी वेरूळ आणि मंगळवारी अजिंठा जमतं. सहलीच्या कार्यक्रमात हाच क्रम उलटा छापला गेला असेल तर दोन्ही दिवस पाण्यात.

मुरूम_आणि_खडी

रस्त्याचं मान्य. शटलला दोष देऊ नका. अजिंठ्याची चित्रं ओल्या चुन्यावरची नाहीत. खडकावर माती, भुसा, गवत यांचा गिलावा आणि त्यावर कोरडा रंग. धूर, घाम, श्वासातली दमट हवा, सगळं त्या गिलाव्याला लागतं. गाड्या दूर ठेवल्या आणि चित्रांच्या लेण्यांत एका वेळी मोजकीच माणसं सोडली, म्हणून तर पाहायला काही शिल्लक आहे.

रस्ता का बिघडला ते तांत्रिक आहे. फुलंब्री–सिल्लोड पट्ट्यात काळी रेगड माती. पावसात फुगते, उन्हात भेगाळते. ती खोलवर काढून मुरूम भरावा, पाणी मारून थरावर थर दाबावा लागतो. वर सिमेंट टाकलं की क्युरिंग (पाणी मारून मुरवणं), आणि अवजड वाहतूक सोडायला साधारण 28 दिवस. म्हणून आधी एक बाजू पूर्ण करायची, मग दुसरी उखडायची. इथं लांबच्या लांब पट्टा आधीच उखडून ठेवला, वळणरस्ते नुसत्या मुरुमाचे, त्यांवर पाणी मारायलाही कुणी नाही. उन्हाळ्यात धुरळा, पावसाळ्यात चिखल. निम्म्या रुंदीच्या मोऱ्यांवर दोन्हीकडची वाहनं तोंडाला तोंड लावून उभी. काम आखताना चूक झाली, निर्बंधांचा त्यात काय संबंध?

फाट्यावरचा

शटल पाहिजेच, पण चालवायलेत कसं ते बघा. सुट्टीच्या दिवशी 10 ते 12 मध्ये चढणाऱ्यांची आणि 3 ते 5 मध्ये उतरणाऱ्यांची गर्दी. बसची संख्या मात्र दिवसभर तीच. एक बस बंद पडली की रांग दुप्पट. एसीचं तिकीट घ्यायची तयारी असलेला माणूसही साध्या बसची वाट बघत बसतो. लेणी 5 ला बंद होतात, म्हणजे दुपारी एकनंतर फाट्यावर पोचलेल्याला पुढं ढकलून उपयोग नाही. किती वाजता किती रांग आहे हे सिल्लोडलाच फलकावर कळलं तर ड्रायव्हर तिथं जेवण उरकून घेईल.

आन् ते अभ्यागत केंद्र! जपानी कर्जातून बांधलं, 1, 2, 16 आणि 17 या लेण्यांच्या प्रतिकृती केल्या, आणि वीज-पाण्याची बिलं थकली म्हणून कुलूप. गर्दी तिथं थोपवून धरायची होती. प्रतिकृतीत तासभर रमलेला माणूस खऱ्या लेण्यात दहा मिनिटांत समाधानी होतो. ती सोयच गेली, मग सगळा भार शटलवर.

हिशोबी_गडी

धागाकर्त्याचा पायाच मला पटत नाही. चांगला रस्ता म्हणजे जास्त मुक्काम, हे कुणी सांगितलं? समृद्धी महामार्ग डिसेंबर 2022 मध्ये नागपूर–शिर्डी खुला झाला, जून 2025 मध्ये 701 किलोमीटर पूर्ण. माळीवाड्याला उतरा, दौलताबाद, वेरूळ, घृष्णेश्वर उरका आणि संध्याकाळी शिर्डी. शहरात पाऊल टाकायची गरजच नाही. रस्ता जितका वेगवान, तितका माणूस लवकर बाहेर.

उलट वंदे भारत बघा. ती मुंबईहून दुपारी निघून संध्याकाळी इथं पोचते. उतरणाऱ्याला रात्र काढावीच लागते. मुक्काम वेळापत्रकानं बांधला जातो, डांबरानं नाही.

खोलीभाडं

@हिशोबी_गडी, वेरूळपुरतं बरोबर आहे. माझा मुद्दा अजिंठ्याचा. वेरूळ 30 किलोमीटर, ते निसटणारच. दुसरी रात्र अजिंठाच देतो, आणि तो रस्ता समृद्धीवर नाही; सावंगीला उतरून जळगाव रस्ताच धरावा लागतो. विमानाचंही तसंच. पूर्वी दिल्ली–जयपूर–उदयपूर–औरंगाबाद–मुंबई असं एकच विमान होतं. राजस्थान बघून परदेशी पाहुणा थेट इथं उतरायचा. ती साखळी तुटली, मग एप्रिल 2019 मध्ये जेट एअरवेज बंद पडली.

पैठण_गेट

खरा मार अचानक येणाऱ्या बंदीचा, तो कुणी लिहिलाच नाही. मार्च 2020 मध्ये स्मारकं बंद झाली. देशात इतरत्र जुलैपासून दारं उघडू लागली, अजिंठा-वेरूळ उघडायला डिसेंबर उजाडला. 2021 च्या मार्चमध्ये पुन्हा अंशतः टाळेबंदी. नोव्हेंबरमध्ये लशीचा एक तरी डोस असल्याशिवाय स्मारकात प्रवेश नाही, असा जिल्ह्याचा आदेश. मे 2022 मध्ये खुलताबादची औरंगजेबाची कबर पाच दिवस बंद. प्रत्येक आदेशामागं कारण होतं, मी ते नाकारत नाही. पण परदेशी गटाचा कार्यक्रम कित्येक महिने आधी छापला जातो. ठरलेला बंद वार त्यात बसवता येतो. रात्री निघालेला आदेश नाही बसत. एजंट शहराचं नावच वगळतो, कामून की रद्द झालेल्या दिवसाचा परतावा त्याच्याच खिशातून जातो.

मुरूम_आणि_खडी

+१. आणि पाणी विसरलात सगळे. हॉटेलसाठी मानक दर खाटेमागे दिवसाला 180 लिटर. 50 खोल्या, 100 खाटा, म्हणजे 18,000 लिटर: 12,000 लिटरचे दीड टँकर रोज. नळाला पाणी कित्येक दिवसांआड. जायकवाडीहून 2500 मिलिमीटर व्यासाची नवी जलवाहिनी पूर्ण ताकदीनं चालू होईपर्यंत हा खर्च खोलीभाड्यात धरावाच लागणार. मग ग्राहक म्हणतो, नाशिक स्वस्त.

हिशोबी_गडी

पाण्याचं पटलं. डांबराचं अजून नाही.

नवखा_वाटाड्या

वाद चालू द्या, एक कामाचं सांगा. श्रावणी शनिवारी पाहुण्यांना वेरूळला न्यायचंय. दौलताबादवरून जाऊ का?

फाट्यावरचा

नका जाऊ. शुक्रवारी रात्रीपासून भद्रा मारुतीला पायी जाणाऱ्यांनी खुलताबादचा रस्ता भरलेला असतो, पोलीस वाहतूक वळवतात. एरवीही किल्ल्याच्या दिल्ली दरवाज्यातून एका वेळी एकच मोठी गाडी निघते. समोरासमोर दोन बस आल्या की अर्धा तास गेला. शरणापूर फाट्यावरून कसाबखेडामार्गे वेरूळ गाठा. आठला निघालात तर साडेनऊपर्यंत कैलास लेण्यात. उन्हं वर यायच्या आत वरच्या कड्यावरून चक्कर मारून घ्या. किल्ला परतीत नको, दुसऱ्या दिवशी सकाळी ठेवा. खोलीभाडंवाल्यांची एक रात्र तेवढीच वाढेल.