फ्रेमवर्कशिवाय पीएचपी: शेतकरी नोंदणीच्या फॉर्मसाठी सिम्फनीचा व्हॅलिडेटर सुटा वापरता येईल का?

सावदेकर
नमस्कार मंडळी. केळी खरेदीसाठी शेतकरी नोंदणीचा फॉर्म आहे, साध्या पीएचपीत. नाव, गाव, पिनकोड, मोबाइल, गट नंबर, क्षेत्र, आयएफएससी (बँक शाखेचा कोड) असे रकाने आहेत. नुसत्या तपासणीच्या इफ-एल्स दोनशे ओळींवर गेल्या आहेत. काही जण आकडे मराठी कीबोर्डवरून भरतात, काही इंग्रजीतून. सिम्फनी या पीएचपी फ्रेमवर्कचा व्हॅलिडेटर, म्हणजे भरलेली माहिती तपासणारा भाग, तेवढाच घेता येतो असं कळलं. कसा बसवायचा, आणि मराठी मजकुरावर कितपत चालतो? होस्टिंग शेअर्ड, पीएचपी ८.१.

तापीकाठ
येतो, बाकीची सिम्फनी लागत नाही. पीएचपी ८.१ असेल तर ६.४ ची शाखा घ्या; ७ ला किमान ८.२ लागतं. तुमच्या मशीनवर नवी पीएचपी असेल तर कंपोजर (लायब्ररी उतरवणारं टूल) नवीच आवृत्ती उचलेल आणि सर्व्हरवर पान उघडताच प्लॅटफॉर्मची एरर येईल. म्हणून कंपोजरच्या जेसन फाइलमध्ये कॉन्फिग, प्लॅटफॉर्मखाली पीएचपी ८.१ असं आधीच लिहून ठेवा. व्हेंडर फोल्डर (उतरवलेल्या लायब्ररींचा) पब्लिक फोल्डरच्या बाहेर ठेवा.

व्हॅलिडेशन क्लासवरून क्रिएट-व्हॅलिडेटर बोलवायचं, पोस्टमधून आलेला ॲरे आणि कलेक्शन हा नियम त्याला द्यायचा. कलेक्शनमध्ये प्रत्येक रकान्याचे नियम. इथे तीन गोष्टींवर लोक हमखास अडकतात:

१. फॉर्ममधला सीएसआरएफ टोकन (बनावट सबमिट रोखणारा लपलेला कोड), नाव दिलेलं सबमिट बटण हेही पोस्टमध्ये येतं. कलेक्शन अनोळखी रकाना मान्य करत नाही, त्यामुळे बरोबर भरलेला फॉर्मही परत येतो. सगळी पोस्ट देऊ नका, हवे तेवढेच रकाने निवडून द्या.
२. रेजेक्सचा (मजकुराचा नमुना जुळवणारा) नियम रिकाम्या रकान्याला हातच लावत नाही, सरळ पास करतो. सक्तीच्या रकान्याला नॉटब्लँक वेगळा लावावाच लागतो. आणि नॉटब्लँक नुसत्या स्पेस भरलेल्या रकान्याला रिकामा मानत नाही. त्याच्या नॉर्मलायझर पर्यायात ट्रिम (कडेच्या स्पेस काढणारं फंक्शन) द्या.
३. चूक कुठल्या रकान्यात झाली ते चौकटी कंसात मिळतं, म्हणजे मोबाइलसाठी [मोबाइल] असा. कंस काढून रकान्याचं नाव मिळवा, मग संदेश त्या रकान्याखाली दाखवा.

गिरणाकाठचा
वरचं सगळं बरोबर, पण खरी मेहनत व्हॅलिडेटरच्या आधी आहे. आधी साफसफाई, मग तपासणी. हा क्रम उलटा झाला की लायब्ररी कितीही चांगली असो, चुकीचाच डेटा बसतो.

मराठी आकड्यांचं बघा. पीएचपीत रेजेक्सला यू (युनिकोडचा) मॉडिफायर लावला की बॅकस्लॅश डी हा देवनागरी आकडेही ‘अंक’ म्हणून स्वीकारतो. तपासणी पास होते, पुढे तोच मजकूर इंट (पूर्णांक) केला की शून्य मिळतो. म्हणून आधी ० ते ९ हे देवनागरी आकडे इंग्रजी आकड्यांत बदलून घ्या, आणि रेजेक्समध्ये बॅकस्लॅश डीऐवजी शून्य ते नऊ ही रेंज उघडपणे लिहा. शेवटी डॉलर चिन्ह नको, बॅकस्लॅश स्मॉल झेड लावा. डॉलर शेवटची नवी ओळ चालवून घेतो.

मोबाइलमधून स्पेस, डॅश, अधिकचं चिन्ह आणि कॉपी-पेस्टमधून येणारी अदृश्य चिन्हं काढा. मग ९१ काढायचे ते एकूण १२ अंक असतील तरच, कारण ९१ ने सुरू होणारे दहा अंकी नंबरही असतात. पुढे शून्य असेल तर ११ अंक असतानाच काढा. उरलेला नंबर: पहिला अंक ६ ते ९, नंतर नऊ अंक. हे सगळं करण्याआधी रकान्यात मजकूरच आहे ना, ते इझ-स्ट्रिंगने बघा. कुणी मुद्दाम रकान्यात ॲरे पाठवला तर ट्रिमच टाइपएरर देऊन कोसळतो, व्हॅलिडेटरपर्यंत गाडी जातच नाही.

नावासाठी नुसता ‘अक्षर’ गट पुरत नाही. ‘पाटील’मध्ये प, ट, ल ही अक्षरं, पण काना आणि वेलांटी हे मार्क गटात येतात, फक्त अक्षरं मागितली तर पाटीलच नापास. एल (अक्षर) आणि एम (मार्क) दोन्ही गट घ्या, शिवाय स्पेस, टिंब आणि खाली सांगितलेलं अदृश्य जोडचिन्ह. लांबी मोजताना हाच शब्द १५ बाइट, ५ कोडपॉइंट (युनिकोड चिन्हं), डोळ्यांना ३ अक्षरं. सिम्फनीचा लेंग्थ कोडपॉइंट मोजतो, स्ट्रलेन बाइट.

अदृश्य चिन्हं काढायचा नियम नावाला लावू नका. ‘वऱ्हाडे’ काही कीबोर्ड अदृश्य जोडचिन्ह घालून लिहितात. ते उडालं की ‘वर्हाडे’ होतं, र्‍ चा रफार बनतो.

सावदेकर
पाटील नापास होण्याचं कारण आत्ता कळलं. गट नंबर आणि पिनकोडला काय ठेवू? मी गट नंबर इंटिजर धरला होता.

पांझरा_धुळे
इंटिजर नकोच. ४५/२/ब, १२/१अ असे गट सर्रास असतात. अंक, तिरपी रेघ आणि अक्षरं चालणारा मजकूर ठेवा. एसटीडी कोडही मजकूरच. इंटिजर केलात तर जळगावचा ०२५७ हा २५७ होऊन बसेल.

पिनकोड: सहा अंक, पहिला शून्य नको, एवढंच. जळगाव जिल्हा म्हणून ४२५ ची अट घातलीत तर चाळीसगाव (४२४१०१) आणि पाचोरा (४२४२०१) बाहेर पडतील. गावाच्या नावात टिंब चालू द्या, बु. आणि खु. वेगवेगळी गावं असतात.

क्षेत्राला एकच दशांश रकाना दिलात तर घोळ ठरलेला. १.५ लिहिणाऱ्याला १ हेक्टर ५ आर म्हणायचं की ५० आर, हे कुठलीच लायब्ररी सांगू शकत नाही. हेक्टर आणि आर असे दोन रकाने करा, आर ० ते ९९. एकर सांगणाऱ्यांसाठी शेजारी लिहा: १ एकर म्हणजे साधारण ४०.५ आर.

आयएफएससी कॅपिटल करून तपासा: चार अक्षरं, पाचवा शून्य, मग सहा अक्षरं किंवा अंक. पाचव्या जागी शून्याऐवजी इंग्रजी ओ टाइप होतो. तो गुपचूप बदलू नका, पैसे जायचे आहेत. ‘पाचवं चिन्ह शून्य हवं’ असा संदेश दाखवून माणसाकडूनच दुरुस्त करून घ्या.

तापीकाठ
संदेशाचं राहिलंच होतं. बहुतेक नियमांना मेसेज पर्याय असतो, त्यात थेट मराठी वाक्य द्या. कलेक्शनला मात्र न आलेल्या आणि जादा रकान्याचे संदेश वेगळे द्यावे लागतात, नाहीतर मराठी फॉर्ममध्ये मध्येच इंग्रजी वाक्य उमटतं.