ते ध्येय नक्की कुणाचं होतं? तुमचे अनुभव लिहा

गुढीपाडव्याला नवी वही घ्यायची आणि पहिल्या पानावर वर्षाचे बेत लिहायचे, ही माझी कॉलेजपासूनची सवय. यंदा जुन्या वह्या काढून बसले. जे बेत तडीला गेले नाहीत त्यांच्यापुढे खुणा करत गेले, तेव्हा लक्षात आलं की त्यातले निम्मे माझे नव्हतेच. कुठला ऑफिसातून आलेला, कुठला जावेकडून, कुठला कुणाचे फोटो बघून.

गेल्या वर्षीची ओळ होती, 'सातारा हिल हाफ मॅरेथॉन'. यवतेश्वरचा घाट चढून उतरायचा, २१ किलोमीटर. आमच्या ऑफिसात पळणाऱ्यांचा मोठा गट आहे, सगळ्यांनी नावं दिली, मीही दिलं. पळणं मला मनापासून आवडतं. सहा वर्षं रोज ५ किलोमीटर पळते. पण लांब पल्ल्याचा सराव असतो रविवारी पहाटे, आणि सगळं आटपून घरी यायला अकरा वाजतात.

माझ्या बाबांची मधली नजर गेली आहे. कडेचं दिसतं, समोरचं अक्षर दिसत नाही. रविवारी नऊ ते अकरा मी त्यांना पुरवणी वाचून दाखवते. शब्दकोडं सगळ्यात शेवटी. मी म्हणते, "आडवा सात, दोन अक्षरी, पावसात डोक्यावरून घेतलेली घोंगडी." बाबा डोळे मिटून खुर्चीच्या हातावर दोन बोटं आपटतात आणि म्हणतात, "खोळ." मग पुढचा शब्द.

सरावाचे तीन रविवार गेले. चौथ्या रविवारी त्यांच्या खोलीत केर काढताना उशाशी तीन पुरवण्या दिसल्या. नीट घडी घातलेल्या, एकावर एक, न उघडलेल्या. तोंडातून एका शब्दानं तक्रार नाही. त्याच दिवशी गटाला कळवलं की मी येणार नाही. ५ किलोमीटर अजून चालू आहेत. नऊ वाजता घरात असते.

तुमचं असं काही असेल तर लिहा. ध्येय सोडलंत, बदललंत किंवा सगळे नको म्हणत असताना धरून ठेवलंत, काहीही चालेल. नाव नको, गाव आणि काम पुरे. एकच विनंती: सल्ले नकोत, जे घडलं ते लिहा.

बीड जिल्हा, ग्राम महसूल अधिकारी (म्हणजे पूर्वीचा तलाठी)

बारावीचा निकाल लागला त्या दिवशी आजोबांनी पारावर सांगून टाकलं, "आमचं पोरगं डेप्युटी कलेक्टर होणार." तेव्हापासून ते माझं ध्येय. पुण्यात सदाशिव पेठेत सहा वर्षं काढली. एका खोलीत चौघं. महिना भरला की खोली, मेस, अभ्यासिका, तिन्हीचे पैसे गावाकडून यायचे. पूर्व दोनदा निघाली, मुख्य एकदाही नाही.

मग राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक होणार, म्हणजे पर्याय निवडायचे नाहीत, उत्तरं लिहायची, असं जाहीर झालं. २०२३ च्या सुरुवातीला पुण्यात त्यावरून मुलांचं आंदोलन झालं आणि नवी पद्धत २०२५ पासून लावायचं ठरलं. खोलीत आनंदीआनंद, दोन वर्षं मिळाली म्हणून. मी गादीवर पडून होतो. मला त्या रात्री पहिल्यांदा जाणवलं की ही दोन वर्षं मला नको आहेत.

उठून वहीत लिहिलं: डेप्युटी कलेक्टर होऊन मला दिवसभर काय करायचंय? गाडी, बंगला, गावातला सत्कार, हे लिहायला हातच होईना. एकच गोष्ट आठवत राहिली. वडील गेले तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. वारस नोंदीसाठी आईबरोबर मी सात खेपा घातल्या होत्या. प्रत्येक खेपेला नवा कागद कमी पडायचा. मला त्या टेबलाच्या पलीकडे बसायचं होतं. बस, एवढंच.

त्याच वर्षीची तलाठी भरती दिली, लागलो. गावी गेलो की अजून विचारतात, "पुढचा अटेम्प्ट कधी?" खुल्या गटाला ३८ पर्यंत वय आहे, सगळ्यांना तोंडपाठ आहे ते. मी नाही म्हणतो. आजोबा वर्षभर नीट बोलत नव्हते, ते मला फार लागलं, अजून लागतं.

गेल्या महिन्यात एक आजी आल्या. नवरा जाऊन नऊ महिने झालेले. काय काय कागद लागतील ते एकदाच मोठ्या अक्षरात लिहून दिलं, त्यांचा नातू घेऊन आला. गाव नमुना ६-क ला, म्हणजे वारसांच्या नोंदवहीत, नोंद घेतली, नोटिशीची मुदत गेली, मंडळ अधिकाऱ्यांनी फेरफार प्रमाणित केला. उतारा हातात दिला तेव्हा आजी त्यावर बोट फिरवत आपलं नाव शोधायला लागल्या. वाचता येत नाही, पण नावाचा आकार ओळखीचा. बोट बरोबर जागी थांबलं. दोन खेपांत काम झालं होतं.

फोंडा, गोवा. गृहिणी

माझं छोटंसं आहे. पन्नाशीला घरचे म्हणाले, काशी-रामेश्वर करून ये, आम्ही पैसे भरतो. मी म्हटलं, मला स्कूटर शिकायची आहे. आजवर बाजारापासून माहेरापर्यंत प्रत्येक ठिकाणी कुणीतरी सोडायचं, कुणीतरी आणायचं. दोनदा पडले, कोपर फुटलं. आता मंगेशीच्या देवळात मनात येईल तेव्हा जाते आणि मला हवं तेवढा वेळ बसते.

नाशिक जिल्हा, जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका

मी मुख्याध्यापकपदाची पदोन्नती लेखी नाकारली, त्याला चार वर्षं झाली. घरात आठ दिवस अबोला होता. दीर म्हणाले, "लोक पदोन्नतीसाठी वाट बघतात आणि तू हातची घालवतेस." त्यांचं चुकीचं नव्हतं. पगाराचा फरक होता, मान होता.

पण मी मुख्याध्यापकांचं काम जवळून बघत आले आहे. पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती भरणं, बैठका, बांधकामाचे हिशेब. कुणीतरी ते नीट करायलाच हवं. मला मात्र सातवीचा गणिताचा तास हवा होता. तो गेला तर माझा दिवस रिकामा झाला असता.

त्या तासात काय असतं ते सांगते. दर वर्षी जूनमध्ये मी मुलांना चार अंकी संख्या घ्यायला सांगते, चारही अंक सारखे नकोत. समजा ३५२४. अंक उतरत्या क्रमानं लावा, ५४३२. चढत्या क्रमानं, २३४५. वजा करा, ३०८७ आले. पुन्हा तेच: ८७३० वजा ०३७८, ८३५२. पुन्हा: ८५३२ वजा २३५८, ६१७४. आणि ६१७४ ला हेच केलं की पुन्हा ६१७४. प्रत्येकानं वेगळी संख्या घेतलेली असते, आणि जास्तीत जास्त सात पायऱ्यांत सगळा वर्ग ६१७४ वर येऊन पोचतो. दोघंतिघं आधी वजाबाकी चुकवतात, त्यांना वाटतं आपलीच संख्या निराळी. शेजारचा चूक दाखवतो, मग त्यांचंही येतं. तेव्हा जो गलका होतो तो ऐकायला शेजारच्या वर्गातले गुरुजी येतात.

मग मी फळ्यावर नाव लिहिते, द. रा. कापरेकर. हा स्थिरांक शोधणारा माणूस आपल्याच जिल्ह्यातल्या देवळालीत १९३० ते १९६२ शाळेत शिकवत होता. कुठल्या विद्यापीठातली जागा नाही, आणि तरी त्यांचं नाव जगभरच्या गणितात आहे. मुलांना ते नाव कळावं म्हणून मी थोडा वेळ फळा पुसत नाही.

पैशाची ओढ या चार वर्षांत दोनदा जाणवली, मुलीच्या प्रवेशाच्या वेळी तर फारच. तरी तास सोडला नाही.

ठाणे, खासगी नोकरी

मला थोडं वेगळं म्हणायचं आहे, राग मानू नका. 'मी असाच आहे' हे वाक्य मी दहा वर्षं वापरलं. डॉक्टरांनी चालायला सांगितलं, तर म्हणायचो, व्यायाम हा माझा पिंड नाही, माझ्यासाठी माणसं महत्त्वाची. रात्री साडेदहापर्यंत मित्रांबरोबर गप्पा, वडापाव, मग घरी जेवण. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा ९.२ वर गेला. पायाला मुंग्या यायच्या, त्या मी कुणाला सांगितल्या नाहीत.

एकदा माझी मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्हाला माणसं महत्त्वाची ना? मग आम्ही कोण?" त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते ध्येय आधी डॉक्टरांचं होतं, मग बायकोचं, मग मुलीचं, आणि माझं व्हायला सगळ्यात उशीर लागला. आता पहाटे उपवन तलावाशी पाऊण तास चालतो. त्याच मित्रांपैकी दोघं बरोबर असतात. आकडा ६.९ आहे. तेव्हा दुसऱ्यानं दिलेलं प्रत्येक ध्येय परकं असतं असं मला वाटत नाही.

धागालेखिका

पटलं, आणि बरं झालं लिहिलंत. वही पुन्हा काढली. 'बाबांचे कागदपत्र एका फायलीत लावणे' ही ओळ मला भावानं दिलेली होती, आणि वर्षभरात केलेलं सगळ्यात उपयोगाचं काम तेच ठरलं.

तासगाव तालुका, द्राक्ष बागायतदार

आमच्या भावकीत सगळे एक्स्पोर्टच्या मागं. माल युरोपला गेला की नाव होतं, दरही चांगला मिळतो, खोटं कशाला बोला. मीही दोन वर्षं केलं. मण्याचा आकार, रंग, साखर, औषधांचे अंश तपासणारा प्रयोगशाळेचा अहवाल, सगळं बसवायचं. ऑक्टोबर छाटणीपासून डोक्यावर कर्ज आणि आभाळाकडं डोळे. दुसऱ्या वर्षी काढणीच्या तोंडावर पाऊस आला, मणी तडकले.

त्या रात्री बायको म्हणाली, "आपल्याला नाव पाहिजे का झोप पाहिजे?" पोरगं दहावीला होतं, तिची काळजी खरी होती. मी आधी चिडलो, मग कागद घेऊन बसलो. वडिलांच्या कर्जापायी दोन एकर गेलेली मी डोळ्यानं बघितलीत. माझं खरं ध्येय तेव्हापासून एकच, डोक्यावर फेडता येणार नाही एवढं कर्ज घ्यायचं नाही. एक्स्पोर्ट त्याच्या आड येत होतं.

आता बेदाणा करतो. साधारण चार किलो द्राक्षाचा एक किलो बेदाणा होतो. लवकर वाळावा म्हणून डिपिंग ऑइलचं द्रावण लावून माल शेडमध्ये रॅकवर टाकायचा, पंधरा-एक दिवसांत वाळतो. धोका यातही आहे, रॅकवर माल असताना अवकाळी आला की बेदाणा काळा पडतो. पण एकदा वाळला की शीतगृहात ठेवता येतो. दर पडला तर थांबता येतं, घाई नाही. तासगावच्या सौद्याला माल न्यायचा का नाही हे मी ठरवतो. भावकीतला एक जण यंदा ४० टन बाहेर धाडून बसलाय, त्याचं कौतुकच आहे, हार घेऊन गेलो होतो.

एडिसन, न्यू जर्सी. सॉफ्टवेअर

दर रविवारी सकाळी इथल्या मराठी शाळेत मी सात-आठ वर्षांच्या मुलांना शिकवतो. दोन वर्षांपूर्वी वरची जागा चालून आली, पण महिन्यातले दोन शनिवार-रविवार कामाला लागणार होते. बरोबरीचे सगळे त्या पायरीवर आहेत, मी खालीच राहिलो. बायकोशी बोलून, कर्जाचा हप्ता मांडून मग ठरवलं, भरात नाही.

मुलांना 'ळ' येत नाही. जीभ मागं वळवून टाळूला लावायची, तिथून पुढं झटकायची, असं आरशासमोर करून घेतो. मार्चमध्ये एका मुलीनं आजीला फोनवर पहिल्यांदा "बाळ" म्हटलं, "बाल" नाही. आजी साताऱ्यात होती. फोन बराच वेळ शांत होता.

सांगली, बँकेतून निवृत्त

निवृत्तीनंतर गाणं शिकायला लागले. सगळे म्हणाले, परीक्षा दे, विशारद हो, काहीतरी हातात राहील. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा देत मध्यमा प्रथमपर्यंत आले. दर परीक्षेला नवे राग, नवे ताल, लिखाण. गुण चांगले पडत होते. पण एका संध्याकाळी देवापाशी दिवा लावून सहज यमन राग गुणगुणायला गेले, तर परीक्षेपुरता पाठ केलेला छोटा ख्याल संपला आणि पुढे मला काहीच सुचेना.

गुरुजींना म्हटलं, मला परीक्षा नको, यमन हवा. ते म्हणाले, "वेळ लागेल." दीड वर्ष झालं, दुसरं काही गायले नाही. सहा महिने तर नुसतं 'नि रे ग'. तीव्र मध्यम लावताना मी वर चढायचे, ते मला ऐकूच यायचं नाही. आता ऐकू येतं, चुकलं की लगेच कळतं. गेल्या मंगळवारी गंधारावर, म्हणजे 'ग'वर, थांबले, तेव्हा गुरुजींनी पेटीवरून हात काढून घेतला आणि तानपुरा तेवढा चालू ठेवला.