रेडिमेड लेहंगा फिटिंग: एक टेलर १८०० म्हणतो, दुकान ४५०० म्हणतं. फरक कशाचा?

मृण्मयी_पुणे
बहिणीच्या रिसेप्शनसाठी शिवलेला लेहंगा घेतलाय, डिसेंबरात लग्न आहे. तपशील सगळा देते, म्हणजे अंदाज सांगता येईल.

लेहंगा: रॉ सिल्क, १२ कळ्या (वर अरुंद, खाली रुंद असे उभे तुकडे), खालचा घेर १४४ इंच. कळ्यांवर विरळ बुट्टे, खाली ५ इंचांची जरदोसी-मोत्यांची बॉर्डर. आत अस्तर आणि कॅनकॅन (घेर फुगवणारी जाळी), डाव्या बाजूला चेन. कमर ३२ आहे, २९ हवी. उंची ४२ आहे, ४० हवी (२ इंचांची हील धरून).

चोळी: प्रिन्सेस कट (छातीवरून खाली जाणाऱ्या उभ्या शिलाया), पॅड लावलेले, मागे हूक. पुढच्या गळ्याभोवती भरगच्च काम. छातीत ३८ आहे, तयार ३५ हवी (अंगाचं माप ३४).

दुकानवाले सगळ्याचे मिळून ४५०० सांगतात. सोसायटीजवळचे टेलर १८०० म्हणाले, कपडा नीट उलगडूनही पाहिला नाही. बहीण जर्मनीहून लग्नाआधी १२ दिवस येणार, मापं व्हिडिओ कॉलवर घेतली आहेत. कुठे द्यावं? आणि बाहेरून दोनच इंच दिसणाऱ्या कामाला इतके पैसे का?

काजपट्टी
उंचीचे दोन इंच हेच यातलं सगळ्यात महागडं काम आहे. बाकी सगळं त्यामानाने किरकोळ.

बॉर्डर खाली असल्यामुळे खालून कापता येत नाही, बेल्ट (कमरेची पट्टी) उसवून वरून कापावं लागतं. आता हिशेब बघा. कमर ३२ म्हणजे प्रत्येक कळी वर साधारण २.६७ इंच, खाली १२ इंच. बेल्ट सोडून ४० इंच लांबीत ती सव्वानऊ इंचांच्या वर रुंदावते, म्हणजे दर इंचाला पाव इंचाच्या थोडं आत. वरून २ इंच कापले की प्रत्येक कळी जवळपास अर्धा इंच रुंद होते. बारा कळ्यांचे मिळून साडेपाच इंच वाढले! ३२ ची कमर साडेसदतीस झाली आणि तुम्हाला हवी २९.

हे साडेआठ इंच एका जागी काढता येत नाहीत. बाराही जोड उसवायचे, प्रत्येक जोडाला दोन्ही कळ्यांतून जेमतेम तीन-तीन सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) आत घ्यायचं आणि ती टीप सहा-सात इंच खाली नेऊन जुन्या टिपेत विरवायची. नितंबांवर घट्ट होईल ही भीती नको, तिथे तुमच्या घेराला भरपूर कापड आहे. मग अस्तराचंही तेवढंच, कॅनकॅनचं वेगळं, चेन काढून खाली सरकवायची आणि बेल्ट २९ चा करून परत लावायचा. दोन इंचांचे पैसे असे होतात.

पुण्यात नीट काम करणाऱ्याकडे साधारण असा हिशेब होईल: उंची, कमर आणि जोड मिळून १२०० ते १५००, अस्तर-कॅनकॅन ३०० ते ५००, चेन १०० ते १५०, चोळी ६०० ते ९००. बेरीज २२०० ते ३०५०. १८०० वाला बहुतेक कमरेचे जादा इंच मागच्या बाजूला दोन मोठ्या चुण्यांत दाबणार. दुपट्ट्याखाली झाकतं म्हणा, पण रॉ सिल्क आणि अस्तर मिळून तिथे गाठोडं होतं आणि बुट्ट्यांची रांग तिरकी जाते. दुकान ४५०० मागतंय कारण बरीच दुकानं हे काम बाहेर देतात आणि वर स्वतःचं धरतात.

घेरदार
काजपट्टी यांचा हिशेब बरोबर आहे, पण वरून कापायचं ठरवण्याआधी दोन गोष्टी तपासा.

पहिली, सगळ्यात वरचा बुट्टा बेल्टपासून किती खाली आहे? चार इंच तरी हवा. दोन इंच कापून अर्धा इंच बेल्टच्या शिलाईत गेला तरी दीड इंच उरतो. बुट्टा त्याहून वर असेल तर अर्धा कापला जाईल आणि जोड आत घेताना कळीच्या कडेचे बुट्टे खाल्ले जातील.

दुसरी, बॉर्डर थेट कळ्यांवर भरलेली आहे की वेगळी पट्टी भरून वरून जोडली आहे? लेहंगा उलटा करून बघा. कामाचे टाके मुख्य कापडाच्या उलट बाजूला दिसत असतील तर थेट भरलेली, मग काजपट्टी म्हणतात तेच करायचं. फक्त कडेच्या दोन टिपा दिसत असतील तर पट्टी वेगळी. ती सोडवून, कापड खालून दोन इंच कापून पट्टी परत लावता येते. वरून कापायची गरज नाही, ३२ ची २९ बाजूच्या जोडातून किंवा चार जोडांतून सहज होते. खर्च बराच उतरतो. मात्र कळी वरती अरुंद असल्याने घेर १४४ वरून १३८-१३९ वर येतो आणि पट्टी पाच-साडेपाच इंच उरते. ती चेनच्या बाजूला, नक्षीचा पूर्ण एक घास (पुन्हापुन्हा येणारा नमुना) संपतो तिथेच कापायला सांगा. उरलेला तुकडा मागून घ्या.

काहीजण बॉर्डरच्या वर आतून इंचभराची दुमड घालून उंची कमी करतात. तीन-चारशेत होतं आणि पुढेमागे उंच बहिणीला लेहंगा द्यायचा तर सोडताही येतं. साध्या जॉर्जेटला चालतं. रॉ सिल्कवर ती आडवी रेघ लांबून दिसते, कॅनकॅनने वर उचललेल्या कापडावर तर जास्तच.

मृण्मयी_पुणे
उलटा करून पाहिला. बॉर्डरचे टाके कापडावरच आहेत, म्हणजे थेट भरलेली. वरचा बुट्टा बेल्टपासून साडेपाच इंचांवर.
चोळीचं काय? ३८ ची ३५ म्हणजे नुसत्या बाजू आत घेतल्या की झालं ना? आणि सहा महिन्यांनी पुन्हा सैल करायची वेळ आली तर?

घेरदार
साडेपाच म्हणजे निवांत. वरूनच कापा.

दबका_कटदाणा
चोळीबद्दल. "नुसत्या बाजू" यातच घोळ होतो.

बाजूच्या शिलाईत दोन थर असतात, पुढचा आणि मागचा, आणि बाजू दोन. म्हणून एका थरातून पाव इंच घेतलं की छातीत एक इंच कमी होतो. ३ इंचांसाठी प्रत्येक थरातून पाऊण इंच जाईल. एवढं एकट्या बाजूंतून घेतलं तर मुंढा (बाही जोडतात तो गोल) पुढे ओढला जातो, हात वर केला की चोळी उचलते, आणि पॅड व प्रिन्सेसची शिलाई काखेकडे सरकल्यासारखी दिसते. बाजूंतून दोन इंचांपर्यंत ठीक. उरलेला एक इंच प्रिन्सेसच्या शिलायांतून घ्या: पुढच्या दोन आणि मागच्या दोन, प्रत्येकीतून पाव इंच, म्हणजे दोन्ही तुकड्यांतून फक्त एकेक सूत. मागे प्रिन्सेसऐवजी टक्स असतील तर ते वाढवून भागतं. बाहीही काखेशी तेवढीच आत घ्यावी लागते, नाहीतर तिथे चुणी पडते.

गळा अरुंद करायला जाऊ नका, काम कापलं जाईल. छाती कमी झाली तरी गळ्याची रुंदी तीच राहते आणि शोल्डर उतरायला लागतो. त्यावर उपाय म्हणजे शोल्डरच्या जोडातून दोन सूत वर उचलणे आणि मागे डोरी लावणे. शोल्डर उचलला की मुंढा लहान होतो, तो खालून तेवढाच कोरून घ्यायला सांगा. हे न सांगता सोडलं तर काखेत काचतं आणि दोष मापाला दिला जातो.

आता हातकामाचं. जिथे नवी टीप पडणार तिथले मोती, टिकल्या, दबका (जरीच्या तारेची बारीक नळी) आधी हाताने काढावे लागतात. मणी मशीनच्या पायाखाली आला की सुई मोडते आणि तुटलेलं टोक कापडात भोक पाडतं. जरदोसीचा दोरा नुसता कापून चालत नाही. मागून दोन-तीन टाके मोकळे करून गाठ मारायची, नाहीतर लग्नात नाचताना पुढचे मणी एकामागोमाग गळतात. आरीच्या साखळी टाक्याचं तर एक टोक सुटलं की अख्खी ओळ उसवते. कामाच्या कडेने टीप मारायला मशीनला चेनचा एका बाजूचा पाय लावतात. टेलरकडे तो नसेल तर तेवढी शिलाई हाताने करायला सांगा. काढलेले मोती पुडीत घालून परत घ्या, दुरुस्तीला तोच रंग बाजारात मिळेलच असं नाही.

चोळीवर बाजूंनाही काम असेल तर काढणं-लावणं कारागीर वेगळं लावतो, ६०० च्या जागी १२०० होऊ शकतात. तुमच्याकडे फक्त गळ्याशी काम आहे, त्यामुळे एवढा प्रश्न नाही.

सैल करण्याबद्दल: आत घेतलेलं कापड कापू द्यायचं नाही, माया (शिलाईच्या आतलं जादा कापड) आत तशीच ठेवायला सांगायची. इंचभर माया असली आणि शिलाईपुरती अर्धा इंच सोडली तरी अर्धा इंच प्रत्येक थराला मिळतो, म्हणजे छातीत दोन इंच सुटतात. मात्र सुईची भोकं रॉ सिल्कवर राहतात, सॅटिन आणि टिश्यूवर तर कायमची. म्हणून पहिल्यांदा टीप मारण्याआधी कच्चा धावदोरा घालून चोळी अंगावर चढवून बघणं महत्त्वाचं.

लांबून_वाचतोय
एक शंका. अंगाचं माप ३४ आणि तयार ३५, फक्त एक इंच सैल? इतकं घट्ट चालतं?

दबका_कटदाणा
अस्तर लावलेल्या, मागे हूक असलेल्या चोळीला एक ते दीड इंच पुरतं. त्याहून सैल ठेवली तर पॅड अंगाला लागून राहत नाहीत, पोकळ दिसतात.

काजपट्टी
मापांवर मात्र माझा विश्वास नाही. व्हिडिओ कॉलवर टेप मागच्या बाजूला खाली घसरलेली दिसत नाही, छातीत इंच-दीड इंचाचा फरक सहज पडतो. बहिणीला तिच्या अंगाला नीट बसणारा अस्तराचा ब्लाउज सपाट ठेवून मोजायला सांगा: हूक लावून काखेखाली आडवं माप आणि त्याची दुप्पट, शोल्डर टोकापासून टोकापर्यंत, मुंढ्याचा गोल, बाहीचा घेर, पुढची उंची. इथे घरी तिचा जुना ब्लाउज असेल तर तोच टेलरला द्या, पण आधी तो आता बसतो का ते विचारा. लेहंग्याची उंची मात्र ब्लाउजवरून कळत नाही. त्यासाठी जिथे बेल्ट बांधणार तिथून जमिनीपर्यंत, तीच हील घालून, दुसऱ्या कोणीतरी मोजायची. स्वतः वाकून मोजली की चुकते.

काम दोन टप्प्यांत द्या. आता लेहंग्याची उंची आणि कमर, पण कमर २९ न करता साडेएकोणतीस. चोळी कच्च्या टाक्यांवर तयार. बहीण आल्यावर एक ट्रायल, मग पक्की टीप. बारा दिवसांपैकी तिसऱ्या-चौथ्या दिवशी ट्रायल ठेवली की दुसऱ्या फिटिंगलाही वेळ उरतो. टेलरशी आत्ताच बोलून तारीख लिहून घ्या. तुळशीचं लग्न लागलं की त्यांना मान वर करायला सवड नसते आणि तातडीचं म्हणून दीडपट सांगतात.

मृण्मयी_पुणे
कमर साडेएकोणतीस का? आणि कॅनकॅन किती कापायचा?

काजपट्टी
अर्धा इंच आत घेणं पाच मिनिटांचं काम, सोडायला बेल्ट परत उसवावा लागतो. शिवाय जड लेहंगा कमरेवर टेकतो, जेवल्यावर अर्धा इंच लागतोच. बेल्टला आतून नाडीही घालून घ्या. नुसत्या चेन आणि हुकावर चार-पाच किलो वजन सोडलं की चेनचा वरचा दात निसटतो.

कॅनकॅन कापायचा नाही. तो बहुतेकदा अस्तराला आठ-दहा इंच खाली जोडलेला असतो, अस्तर वरून दोन इंच कापलं की आपोआप तेवढा वर येतो. फक्त जोड आत घेताना अस्तराबरोबर तो अडकतोय का ते बघायचं. बेल्टलाच जोडलेला असेल तर अस्तरासारखाच वरून कमी करायचा. शेवटी अस्तर बाहेरच्या कापडापेक्षा पाऊण ते एक इंच आखूड आणि कॅनकॅन अस्तराच्याही आत हवा, नाहीतर जाळी घोट्याला घासते आणि पैंजणात अडकते.

घेरदार
इस्त्रीचंही सांगून ठेवा. चिकटवलेले खडे असतील तर वाफेने गोंद सुटतो. जोड उघडून फिरवलेल्या जागी उलट्या बाजूने, वर सुती कापड ठेवून, मंद गरम.

पैशाचं म्हणाल तर १८०० वाल्याला हाकलू नका. त्याला विचारा: बारा जोड उसवणार का, अस्तर वेगळं घेणार का, चेन सरकवणार का, माया ठेवणार का. चारही "हो" असतील आणि तरी १८०० म्हणाला तर हात चांगला आहे का ते दुसऱ्या कुणाचं केलेलं काम बघून ठरवा. "कमरेला दोन चुण्या मारतो" म्हणाला तर फक्त चोळी त्याच्याकडे द्या. दुकानाला त्यांच्या ४५०० चा कामवार हिशेब मागा आणि लेहंगा बिघडला तर काय, ते बिलावर लिहून मागा. बिल अजून पूर्ण चुकतं केलं नसेल तर बेल्ट आणि चेनचं काम त्याच किमतीत करून द्या म्हणून बघा. बरेचदा तेवढं मान्य करतात.

मृण्मयी_पुणे
हजार रुपये द्यायचे बाकी आहेत. उद्याच विचारते.