मदत हवी आहे: एडिसनचा घरचा नंबर संगमेश्वरलाही वाजायला हवा

आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. घरचा लँडलाइन नंबर जुना आहे, दवाखाना, विमा कंपनी सगळीकडे तोच दिलेला. तो इंटरनेट फोनवर पोर्ट करायचा आहे. वर्षातून दोन-अडीच महिने मी संगमेश्वरला असते, तेव्हा तोच नंबर माझ्या मोबाइलवरच्या ॲपवरही वाजायला हवा.

सासूबाई मात्र इथेच असतात. त्यांना मोठ्या बटणांचा कॉर्डलेसच जमतो, म्हणजे साधा फोन जोडता येईल असा अडॅप्टर लागेल. आणि ९११ (अमेरिकेतला आणीबाणीचा नंबर) लावल्यावर घरचा पत्ता आपोआप कळलाच पाहिजे, यात तडजोड नाही. गूगल व्हॉइस या गूगलच्या इंटरनेट फोन सेवेच्या घरगुती खात्यावरून ९११ लागत नाही, म्हणून ते बाद. व्हॉट्सॲपवर दवाखाना बोलत नाही. ओटीपी मोबाइलवर येतात, त्याची अडचण नाही.

मागच्या खेपेला एका सेवेचा तात्पुरता नंबर घेऊन पाहिला. एडिसनला उत्तम चालला. गावी ४जी राउटरवर सासूबाईंचा आवाज स्वच्छ यायचा, माझा जायचाच नाही. त्या बिचाऱ्या "हॅलो, हॅलो" करून ठेवून द्यायच्या. राउटरमधले एसआयपी एएलजी (इंटरनेट कॉलच्या डेटात फेरफार करणारी सोय) बंद केले, कोडेक (आवाज डिजिटल करण्याची पद्धत) बदलला, मोबाइलच्या हॉटस्पॉटवरही पाहिले. फरक शून्य. अपलोड ४ एमबीपीएस मिळतो आणि एका कॉलला साधारण १०० केबीपीएस पुरतात, तेव्हा वेग हे कारण नसावे. मला सीजीनॅटचा, म्हणजे मोबाइल कंपनी एकच इंटरनेट पत्ता अनेक ग्राहकांना वाटून देते त्याचा, संशय आहे.

कोकणात ४जीवर दोन्ही बाजूंनी आवाज नीट चालणारी, अडॅप्टर आणि ॲप दोन्ही देणारी सेवा कोणी स्वतः वापरली आहे का? की व्हीपीएन लावूनच हे सुटते?